ॲम्प, शेजारी आणि घरातला रियाज

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आता पेटी-तबल्याच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटारही दिसते. आई-बाबा ती हौसेनं घेऊन देतात, तिच्याबरोबर दुकानदार सुचवेल तो ॲम्प्लिफायरही घेतात, आणि पंधरा दिवसांत घरात एकच वाक्य घुमायला लागतं : "अरे, आवाज कमी कर!" आवाज कमी केला की तीच गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. शिकणाऱ्याचा उत्साह ओसरतो. आधी रोजचा रियाज शनिवार-रविवारवर येतो, मग गिटार कपाटामागे जाते. अशा किती गिटारी आपल्या घरांत मुक्या उभ्या असतील, त्या मोजायला नकोत.

ह्यात मुलांचा दोष नाही आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचाही नाही. गिटारचा ॲम्प जन्मला तोच मोठ्यानं ओरडायला. त्याला हळू बोलायला शिकवण्यात इंजिनिअर मंडळींची पन्नास-साठ वर्षं गेली. ही गोष्ट माहीत असली की घरासाठी कोणता ॲम्प घ्यावा, ह्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळून जातं. म्हणून आधी इतिहास आणि मग खरेदी.

ऐकू न येणारं वाद्य

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये गिटारवादकाची अवस्था वरातीतल्या बँडमागून सतार घेऊन चालणाऱ्या माणसासारखी होती. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्यापुढे त्याचं वाजवणं कुणाच्या कानांवर पडतच नसे. दुसरीकडे, १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनापासून हवाई बेटांच्या संगीताची लाट आली होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी फिरवत वाजवायची ती हवाईयन गिटार. तिच्यावर सुरावट वाजवायची असल्यामुळे ती ऐकू येणं फारच गरजेचं होतं. त्यामुळे वीज सर्वांत आधी तिच्याकडे वळली.

१९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम यांनी ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीनं एक छोटी, गोल पोटाची आणि लांब दांड्याची गिटार घडवली. दिसायला ती तव्यासारखी असल्यानं तिचं नाव 'फ्राइंग पॅन' पडलं. पुढच्या वर्षी ती विक्रीला आली. तिच्या तारांजवळ चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं होतं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात इवलीशी वीज निर्माण व्हायची, आणि रेडिओत वापरतात त्याच तंत्रानं ती वाढवून स्पीकरला द्यायची. आजही इलेक्ट्रिक गिटारचं काम ह्याच तत्त्वावर चालतं.

ही हवाईयन गिटार भारतातही रुळली. चित्रपटगीतांच्या धुना तिच्यावर वाजू लागल्या, आणि पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. आपल्यातल्या अनेक आजी-आजोबांच्या संग्रहात ती असेल.

इकडे अमेरिकेत १९३६ साली गिब्सन कंपनीनं 'ईएस-१५०' ही इलेक्ट्रिक गिटार आणली. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण ती घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि गिटारवादक पहिल्यांदा मागच्या रांगेतून पुढे आला. गिटारला मिळालेला हा नवा आवाज ॲम्पचा होता.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून

ॲम्पच्या गोष्टीतला पुढचा माणूस गिटार वाजवत नव्हता. लिओ फेंडर यांचं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आपल्याकडच्या जुन्या पिढीला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल : बटण फिरवलं की आधी काही क्षण शांतता, मग आतल्या काचेच्या नळ्या तापून लालसर व्हायच्या आणि हळूहळू आवाज यायचा. गिटारचे जुने ॲम्प म्हणजे ह्याच रेडिओचे सख्खे भाऊ.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस फेंडर यांनी विद्यार्थ्यांसाठी एक लहान ॲम्प काढला. तो शिकाऊ हवाईयन गिटारीबरोबर जोडीनं विकला जाई. ह्याच घराण्यातून पुढे 'चॅम्प' आला : सुमारे ५ वॉटची ताकद, ८ इंचांचा स्पीकर आणि आवाजाचं एकच बटण. घरी बसून शिकणाऱ्याची गरज इतक्या लवकर कुणीतरी ओळखली होती. पण बाजाराचं लक्ष दुसरीकडे होतं. नाचघरं मोठी होत होती आणि वादक अधिकाधिक ताकद मागत होते.

हॅनवेलचं दुकान

आता गोष्ट आपल्या दाराशी येते. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, आणि ते १९५९ मध्ये उठले. तोवर इथल्या लोकांनी स्वतःचे ॲम्प बनवायला सुरुवात केली होती. केंटमधल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्ज यांच्या कारखान्यात डिक डेनी यांनी 'व्हॉक्स एसी-१५' आणि त्यानंतर 'एसी-३०' तयार केला. शॅडोज आणि बीटल्स यांच्यामागे तुम्ही ज्या पेट्या पाहिल्यात, त्या ह्याच.

साउथहॉलहून ईलिंगकडे २०७ नंबरच्या बसनं गेलात तर वाटेत अक्सब्रिज रोडवर हॅनवेल लागतं. इथे जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. ते स्वतः ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. दुकानात येणारे तरुण गिटारवादक म्हणत, आम्हाला आणखी मोठा, आणखी दणकट आवाज हवा. १९६२ साली मार्शल, केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या 'बेसमन' ह्या ॲम्पचा आराखडा समोर ठेवून आपला पहिला ॲम्प उभा केला. तीनच वर्षांत 'द हू' ह्या बँडच्या पीट टाउनशेंडसारख्यांच्या मागणीवरून १०० वॉटचे ॲम्प आले, आणि त्यांच्याखाली चार-चार स्पीकरांची कपाटं एकावर एक रचली जाऊ लागली. ह्या भिंतीसारख्या रचनेला 'स्टॅक' म्हणतात.

मोठ्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचायला तेव्हा दुसरा उपाय नव्हता. गायकांसाठी असलेली ध्वनियंत्रणा कमकुवत होती, त्यामुळे गिटारवादकाला सगळा आवाज स्वतःच्या पेटीतूनच काढावा लागे. पुढे ध्वनियंत्रणा सुधारली, ॲम्पसमोर माइक ठेवून आवाज सभागृहाच्या स्पीकरांना देता येऊ लागला आणि ही गरज उरली नाही. १०० वॉटचा रुबाब मात्र कायम राहिला.

बिघाडातून सापडलेला सूर

इथे घरातल्या रियाजाची खरी अडचण सुरू झाली. व्हॉल्व्हच्या ॲम्पला त्याच्या कुवतीपलीकडे ताणलं की स्वराची धार तुटते, तो जाडसर आणि खरखरीत होतो, आणि लांबवर टिकतो. इंजिनिअरच्या दृष्टीनं हा बिघाडच. पण वादकांना त्यात गाणारा, रडणारा, चिडणारा आवाज सापडला. १९६६ साली जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स'बरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी मार्शलचा ॲम्प स्टुडिओत रंगमंचासारखाच मोठ्यानं वाजवला. तो सूर रॉक गिटारचा आदर्श ठरला.

म्हणजे ज्या सुरासाठी मुलं गिटार हातात घेतात, तो सूर मुळात ॲम्प पूर्ण ताणल्यावरच मिळत होता. टेरेस हाउसच्या बेडरूममध्ये तो मिळवायचा कसा? पुढची सगळी वाटचाल ह्या एका प्रश्नाच्या उत्तरांची आहे.

हळू बोलायला शिकलेला ॲम्प

पहिलं उत्तर : ॲम्पच लहान घ्या. १९७० साली मायामीच्या स्टुडिओत 'लैला'चं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा क्लॅप्टन आणि ड्युएन ऑलमन यांच्याकडे फेंडरचे छोटे चॅम्प होते. इतकी प्रचंड वाटणारी ती गिटार लहानशा पेटीतून आलेली आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला 'पिगनोझ' नावाचा, पेन्सिल सेलवर चालणारा ५ वॉटचा ॲम्पही बाजारात आला. डुकराच्या नाकासारखं एकुलतं एक बटण, म्हणून हे नाव.

दुसरं उत्तर : दोन बटणं ठेवा. एक बटण आतल्या टप्प्यात सुराला ताण देतं आणि दुसरं शेवटी बाहेर पडणारा आवाज ठरवतं. ह्या दुसऱ्या बटणाला 'मास्टर व्हॉल्यूम' म्हणतात. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगीनं हा मार्ग गाजवला आणि १९७५ पासून मार्शलच्या ॲम्पवरही ते बटण आलं.

तिसरं उत्तर टॉम स्कॉल्झ यांचं. ते एमआयटीत शिकलेले, पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारे इंजिनिअर. 'बॉस्टन' ह्या त्यांच्या बँडचा १९७६ चा पहिला आल्बम त्यांनी बराचसा घराच्या तळघरात बसून ध्वनिमुद्रित केला. नोकरी सांभाळून रात्री वाजवणाऱ्या माणसाची अडचण त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९८२ साली त्यांनी 'रॉकमन' काढला : कमरेला अडकवायची डबी, तिला हेडफोन, आणि कानात मोठ्या ॲम्पसारखा सूर. गंमत अशी की ही घरगुती डबी स्टुडिओतही गेली. शेफील्डच्या डेफ लेपर्ड बँडच्या १९८७ सालच्या 'हिस्टेरिया'मधल्या गिटारी तिच्यावर वाजवलेल्या आहेत.

चौथं उत्तर कंप्युटरचं. १९९८ साली 'लाइन ६' कंपनीचा 'पॉड' आला. लाल रंगाच्या, राजम्याच्या दाण्याच्या आकाराच्या ह्या यंत्रात जुन्या नामांकित ॲम्पांचं वागणं गणितानं उतरवलं होतं. ताणलेल्या व्हॉल्व्हचा सूर आता आवाज न वाढवताही मिळू लागला. ह्याला 'मॉडेलिंग' म्हणतात. २०११ साली यामाहानं 'टीएचआर-१०' आणला : ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर असलेली, पुस्तकांच्या फळीवर मावणारी पेटी, खास घरात वाजवायला. त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी हाच रस्ता धरला. आणि २०१२ साली पन्नाशी साजरी करताना खुद्द मार्शलनं जे खास ॲम्प काढले, ते होते १ वॉटचे!

भिंतीचं गणित

पण १ वॉट म्हणजे हळू, असं समजू नका. वॉट आणि आवाज यांचं नातं फसवं असतं. ताकद दहापट केली की आवाज १० डेसिबलनं वाढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प ५ वॉटच्या ॲम्पपेक्षा दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठा. गिटारचा १२ इंची स्पीकर केवळ १ वॉटवर एक मीटर अंतरावर ९५ ते १०० डेसिबल आवाज देतो. आपलं नेहमीचं बोलणं ६०च्या आसपास असतं.

आता भिंत घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ नंतरच्या नियमांनुसार बांधलेल्या नव्या घरांतली सामाईक भिंत किमान ४५ डेसिबल अडवेल अशी अपेक्षा असते. जुन्या घरांची भिंत त्याहून कमी अडवू शकते. १९९६ च्या नॉइज ॲक्टनुसार रात्री ११ ते सकाळी ७ ह्या वेळेत शेजाऱ्याचं घर एरवी अगदी शांत असेल, तर त्याच्या खोलीत ३४ डेसिबलपेक्षा जास्त आवाज झाल्यास कौन्सिल दखल घेऊ शकते. साधी वजाबाकी करा. तुमच्या खोलीत ९५ असेल तर पलीकडे सुमारे ५०. तुमच्या खोलीत ७५ असेल तर पलीकडे ३०. पहिल्या वेळी शेजारी दार वाजवेल, दुसऱ्या वेळी निवांत झोपेल. आणि खर्जाचे सूर भिंतीतून आणि जमिनीतून जास्त झिरपतात, हेही लक्षात ठेवा.

मग आवाज कमी केल्यावर गिटार डब्यासारखी का वाजते? १९३३ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाच्या कानाची मोजमापं प्रसिद्ध केली. आवाज लहान झाला की आपला कान खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो, आणि मधलेच सूर पुढे राहतात. म्हणजे त्या पत्र्याच्या डब्यात निम्मा वाटा आपल्या कानाचा असतो. घरासाठी बनवलेले चांगले ॲम्प हलक्या आवाजात ही उणीव भरून काढायचा प्रयत्न करतात.

घेताना काय बघाल

घरातली भिंत आणि वेळ आधी ठरवा. रियाज रात्री नऊनंतरच होणार असेल तर हेडफोनची सोय हवीच. दिवसा, सामाईक नसलेल्या भिंतीशी बसून वाजवता येत असेल तर लहान स्पीकरचा मॉडेलिंग ॲम्प उत्तम.

वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. २० वॉटचा मास्टर व्हॉल्यूमवाला ॲम्प शांतपणे वाजू शकतो आणि १ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प घर डोक्यावर घेऊ शकतो. दुकानात वाजवून बघताना आवाज बोलण्याइतका ठेवा आणि सगळे ॲम्प त्याच आवाजात ऐका. मोठ्यानं वाजणारा ॲम्प कानाला नेहमीच जास्त छान वाटतो, आणि त्या मोहात चुकीची खरेदी होते.

हेडफोन वायरचा घ्या. साधा ब्लूटूथ हेडफोन सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा जास्तही उशीर करतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज चौतीस मीटर जातो, म्हणजे ॲम्प रस्त्याच्या पार टोकाला ठेवून ताल धरण्यासारखं ते होतं. ब्लूटूथ फोनवरचं गाणं ॲम्पमधून ऐकत त्याच्याबरोबर वाजवायला मात्र छान.

जुना व्हॉल्व्ह ॲम्प घेतलात तर एक पथ्य पाळा : शांतता हवी म्हणून त्याची स्पीकरची वायर काढून तो कधीही वाजवू नका. आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि अमेरिकेतल्या मामानं प्रेमानं ॲम्प पाठवला, तर तो १२० व्होल्टचा तर नाही ना हे पाठीमागे वाचल्याशिवाय इथल्या २३० व्होल्टला लावू नका.

ॲम्प जमिनीवर ठेवू नका. खुर्चीवर किंवा स्टँडवर, खाली जाड सतरंजी घालून, तोंड आपल्या कानाकडे करून ठेवा. जमिनीत जाणारी थरथर कमी होते आणि आपल्यालाच नीट ऐकू येत असल्यानं बटण वाढवायचा मोह होत नाही.

कानांचं शेवटी सांगतो, पण ते सर्वांत महत्त्वाचं आहे. हेडफोन लावला की शेजारी वाचतात, कान आपोआप वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तेवढ्याच वेळात ७५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. ज्यांच्या मागणीवरून १०० वॉटची भिंत उभी राहिली त्या पीट टाउनशेंड यांनी आपल्या कानांच्या इजेबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे, आणि त्याचा मोठा दोष स्टुडिओतल्या हेडफोनला दिला आहे. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

"पण मग गणपतीच्या कार्यक्रमात वाजवायचं असेल तर?" असं आई-बाबा विचारतात. तिथेही मोठा ॲम्प लागत नाही. ५ वॉटच्या पेटीसमोर माइक ठेवा, सभागृहाचे स्पीकर बाकीचं काम करतील.

आपल्याकडे पहाटेचा खर्ज लावणाऱ्या गवयाला कुणी 'ऐकू येत नाही' म्हणून नावं ठेवत नाही. रियाज ऐकवण्यासाठी नसतो, तो रोज होण्यासाठी असतो. तेव्हा ह्या दिवाळीत ॲम्प घेणार असाल तर एवढंच विचारा : हा घेतला तर आमच्या घरात गिटार रोज अर्धा तास वाजेल का? 'हो' असं उत्तर ज्या पेटीबद्दल येईल, ती तुमची.